होर्हे चावेस: सात महिन्यांचा वैमानिक आणि आल्प्सची खिंड

(आमच्या पॅराग्लायडिंग ग्रुपच्या पावसाळी बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून टाईप केलंय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच सांगून टाकतो की आज ज्या मुलाबद्दल बोलणार आहे त्याच्याबद्दल जिथे जिथे चार ओळी वाचायला मिळतात तिथे "धाडसी", "निधड्या छातीचा", "मृत्यूला न घाबरणारा" असंच लिहिलेलं असतं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण त्याने त्याच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. कारण हा मुलगा विचार करणारा होता. एकदा वर जाऊन, हवा बरी नाही हे ओळखून, हजारो लोक बघत असताना माघारी फिरलेला मुलगा होता. आपण जे उडतो त्यांना माहितीये की माघारी फिरणं किती अवघड असतं.

नाव होर्हे चावेस. फ्रान्समधे सगळे त्याला जिओ म्हणायचे. आईवडील पेरूचे, वडील बँकेच्या व्यवसायातले, पण हा जन्मला पॅरिसमधे, १३ जून १८८७ ला, वाढला तिथेच, शिकला तिथेच. इंजिनिअरिंगचं शिक्षण १९०८ मधे पूर्ण केलं, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल. शिवाय खेळाडू होता, रेसिंग क्लब द फ्रान्सकडून धावायचा. म्हणजे शरीर तयार, डोकं इंजिनिअरचं, घरचं बरं, वय विशीच्या आतबाहेर, आणि गाव कुठलं तर पॅरिस, जे त्या काळात विमानवेडाचं अगदी केंद्र होतं. राइट बंधूंनी डिसेंबर १९०३ मधे पहिलं उड्डाण केलं खरं, पण १९०८-०९ नंतर सगळा धडाका फ्रान्समधे सुरू झाला. जुलै १९०९ मधे फ्रेंच विमान बनवणारा ब्लेरिओ इंग्लिश खाडी ओलांडून गेला, आणि मग काय, ज्याच्या खिशात पैसे आणि अंगात रग तो प्रत्येक तरुण विमान शिकायला निघाला.

चावेस फेब्रुवारी १९१० मधे विमानं बनवणाऱ्या फार्मानच्या शाळेत उडायला शिकला, मुर्मेलाँला, शालाँजवळ. आणि तो गेला सप्टेंबर १९१० मधे. हिशोब करा. अख्खी वैमानिकी कारकीर्द सात महिन्यांची. आपल्याकडे सात महिन्यांत माणूस धड सोलो उडायला लागला तरी आपण त्याची पाठ थोपटतो.

या सात महिन्यांत तो युरोपभर फिरला, नीस, लियाँ, बुडापेस्ट, रैंस, ब्लॅकपूल, जिथे जिथे विमानांचे मेळावे भरायचे तिथे. तेव्हा हे मेळावे म्हणजे मोठा प्रकार होता, बक्षिसं असायची, तिकीट काढून लोक यायचे, पेपरात रोज बातम्या. कोण जास्त वेळ हवेत राहतो, कोण जास्त वेगात जातो, कोण जास्त उंच जातो. चावेसचं मन लागलं उंचीत. वर्षाच्या सुरुवातीला उंचीचा रेकॉर्ड साधारण सव्वा किलोमीटरचा होता. ऑगस्टमधे ब्लॅकपूलला चावेस साडेसतराशे मीटरच्या आसपास गेला. मग त्याने फार्मानचं दुहेरी पंखांचं विमान सोडून ब्लेरिओचं एकपंखी घेतलं आणि ८ सप्टेंबरला पॅरिसजवळ इसी-ले-मुलिनोच्या मैदानावरून २६५२ मीटर गाठले. जगातला रेकॉर्ड. पाचच दिवस आधी लिओं मोरानने २५८२ केले होते. बघा कसे एकेक आठवड्याला रेकॉर्ड मोडत होते.

आता हा २६५२ आकडा महत्त्वाचा का, तर इटलीतल्या मिलानच्या लोकांनी एक स्पर्धा जाहीर केली होती. स्वित्झर्लंडमधल्या ब्रीगहून निघायचं, सिंप्लॉनच्या खिंडीवरून आल्प्स ओलांडायचे, पलीकडे डोमोडोसोलाला उतरायचं, आणि तिथून पुढे मिलान. हे सगळं २४ तासांच्या आत. पहिल्याला ७०,००० लिरा. सिंप्लॉन खिंड २००५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेतीनशे मीटर वर ती खिंडच, आणि तिच्या एका बाजूला फ्लेचहॉर्न जवळपास ४००० मीटर, दुसऱ्या बाजूला माँटे लिओने साडेतीन हजाराच्या वर. ब्रीग कुठे, तर ७०० मीटरच्या आसपास. निघायचं मैदान गावाच्या थोडं वर, रीड-ब्रीगला. म्हणजे मैदानातून निघून एका बाजूला डोंगर घेऊन सरळ हजार-बाराशे मीटर चढायचं आणि मग खिंडीत शिरायचं. पाच वर्षांपूर्वी जे यंत्र धड पाऊण तास हवेत राहत नव्हतं त्या यंत्राने.

यंत्र कसलं होतं ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. ब्लेरिओ अकरा. लाकडाचा सांगाडा, शेपटीकडचा अर्धा भाग तर उघडाच, नुसती लाकडी जाळी दिसते. पंखांवर कापड. पुढे नोम कंपनीचं ५० हॉर्सपॉवरचं इंजिन, सात सिलिंडरचं, आणि गंमत अशी की हे अख्खं इंजिन पंख्यासोबत गरगर फिरायचं, थंड राहावं म्हणून. त्याला वंगण म्हणून एरंडेल तेल लागायचं आणि ते जळून-उडून पायलटच्या अंगावर, चष्म्यावर येत राहायचं. आपल्या गाडीसारखं थोडं थोडं अॅक्सिलरेटर सोडायची सोय नव्हती, खाली येताना बटण दाबून इंजिन तोडायचं, सोडलं की परत सुरू. वळायचं तर पंखच पिळायचे, तारा ओढून. पॅराशूट नाही. डोक्यावर काच नाही. थंडी सरळ छातीवर.

आणि पंख जागेवर कशाने राहतात? तारांनी. पायलटच्या समोर वर एक छोटी चौकट उभी असते, तिच्यावरून तारा पंखांच्या वरच्या बाजूला जातात. खाली चाकांजवळून तारा पंखांच्या खालच्या बाजूला जातात. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, म्हणून खालच्या तारा ताणल्या जातात, सगळा भार त्यांच्यावर. वरच्या तारा कशाला, तर विमान जमिनीवर उभं असताना पंख लोंबू नयेत म्हणून, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. हे लक्षात ठेवा, मी परत येतो याच्यावर.

स्पर्धा सुरू व्हायची होती १८ सप्टेंबरला, रविवारी. पण तो दिवस स्वित्झर्लंडमधे राष्ट्रीय उपास-प्रार्थनेचा, सप्टेंबरचा तिसरा रविवार, त्या दिवशी उडायला तिथल्या सरकारने बंदी घातली. हवा त्या दिवशी चांगली होती म्हणतात. आपल्याला माहितीये हे दुःख, दिवस चांगला असतो तेव्हाच काहीतरी आडवं येतं.

१९ तारखेला चावेस उडाला. वर चढला, खिंडीच्या दिशेने गेला, आणि तिथे त्याला वाऱ्याने असं काही हलवलं की तो फिरला आणि परत येऊन उतरला. खाली प्रचंड गर्दी, फोटोग्राफर, वार्ताहर, देशोदेशींचे लोक. २३ वर्षांचा मुलगा, अकराच दिवसांपूर्वी जगाचा रेकॉर्ड केलेला. तरीही तो फिरला. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं उड्डाण हेच. आल्प्स ओलांडले त्या उड्डाणाबद्दल सगळे लिहितात, पण १९ तारखेबद्दल एक ओळ असते, आणि ती पण "पहिला प्रयत्न फसला" अशी. फसला कसा? विमान शाबूत, माणूस शाबूत, आणि वर काय चाललंय याची माहिती घेऊन आला. याला फसणं म्हणायचं तर मग आपण सगळेच दर वीकेंडला फसतो.

तिथे वर नक्की काय होतं हे आपल्या भाषेत सांगायचं तर, दोन्हीकडे साडेतीन-चार हजार मीटरच्या भिंती आणि मधे एक फट, सगळा वारा त्या फटीतून दामटून जातो, वेग वाढतो. आणि डोंगराच्या ज्या बाजूला वारा ओलांडून पडतो त्या बाजूला, ली साइडला, रोटर, म्हणजे गरगरत खाली दाबणारा वारा. आपल्या उडायच्या जागी, कामशेतला, आपण नवीन मुलांना पहिल्या दिवशी काय सांगतो? डोंगराच्या मागे जाऊ नको. १९१० मधे हे सांगणारं कोणी नव्हतं, कारण डोंगराच्या मागे कोणी गेलंच नव्हतं! वाऱ्याचा हा स्वभाव डोंगरातल्या लोकांना, वाटाड्यांना माहिती असेल, पण विमानाला तो काय करतो हे प्रत्यक्ष अंगावर घेऊन शिकणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी चावेस एक.

त्यानंतर तीन दिवस हवा खराबच. थांबायचं, वर बघायचं, फोनवरून खिंडीतली हवा विचारायची. त्याच्यासोबत आणखी स्पर्धक होते, त्यातला वेमन नावाचा अमेरिकन त्याने प्रयत्न केला पण त्याचं विमान पुरेसं चढेचना. बाकीच्यांनी तर फारसं काही केलंच नाही. इकडे मिलानचा मेळावा तोंडावर आलेला, स्पर्धेचे दिवस संपत चाललेले, पेपरवाले रोज विचारणार आज उडणार का, आज उडणार का. हे दडपण कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू, आपण सुट्टी टाकून, पैसे घालवून साइटवर जातो आणि दोन दिवस नुसते बसून राहतो तेव्हा तिसऱ्या दिवशी आपलं मन वाऱ्याला जरा जास्तच चांगले मार्क द्यायला लागतं.

२३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी चावेस मोटारीने स्वतः खिंडीपर्यंत गेला. वारा स्वतः बघितला. खाली आला. आणि दुपारी १ वाजून २९ मिनिटांनी उडाला.

इथे मी थांबणार आहे थोडा, कारण मी वर म्हणालो तो विचारी होता, मग दुपारी दीड वाजता का उडाला? डोंगरात दुपारी दीड म्हणजे आपल्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेळ. ऊन पडून उतार तापलेले असतात, थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत, जोरात सुटलेले असतात, दरीतला वारा वर ओढला जात असतो. पहाटे किंवा सकाळी लवकर हवा शांत असते हे आज शाळेतल्या मुलाला शिकवतात. माझं मत असं की त्याला हे अर्धवट जाणवलं असणार पण नियम म्हणून माहिती नव्हतं, कोणालाच नव्हतं, आणि त्याने जे डोळ्यांनी बघितलं, म्हणजे खिंडीवरचा वारा, त्यावर निर्णय घेतला. खिंडीत उभं राहून वारा बरा वाटला असेलही. पण खिंडीच्या खालच्या दरीत, तीन तासांनी, काय होणार हे तिथून दिसत नाही. आणि हो, चार दिवसांचं दडपण होतंच, ते मी नाकारत नाही. विचारी माणसावरसुद्धा दडपण येतं.

वर चढला, खिंड ओलांडली. खिंडीत उभे असलेले लोक ओरडत होते, टोप्या हलवत होते. त्याचा प्लॅन होता की खिंडीनंतर मॉन्शेरा नावाच्या दुसऱ्या खिंडीच्या बाजूने, थोड्या उंचावरून, पलीकडच्या मोकळ्या दरीत उतरायचं. पण वाऱ्याने तिथे चढू दिलं नाही. मग राहिला एकच रस्ता, गोंडोची घळ. गोंडो म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि खाली पाणी, आपल्याकडची सांदण दरी ज्यांनी बघितलीये त्यांनी ती कितीतरी पट मोठी करून डोळ्यासमोर आणा, आणि तिच्यातून ताशी नव्वद-शंभर किलोमीटरने कापडी विमान घेऊन जायचं, जिथे वळून परत फिरायला जागा नाही. १९ तारखेला तो फिरू शकला कारण तो खिंडीच्या अलीकडे होता. इथे फिरणं हा पर्यायच उरला नव्हता.

तो गेला त्यातून. बाहेर आला, ओसोलाची दरी उघडली, खाली डोमोडोसोला. चाळीस-एक मिनिटं झाली होती. आल्प्स ओलांडले गेले होते, माणसाने पहिल्यांदा विमानातून. मैदानात लोक जमले होते, डोळ्यांवर हात धरून वर बघत होते, ठिपका मोठा झाला, आवाज आला, विमान खाली येतंय, अगदी व्यवस्थित येतंय, मैदानाच्या वर, आता उतरणार, दहा-वीस मीटर राहिले, आणि दोन्ही पंख मिटले. विमान दगडासारखं खाली पडलं.

दोन्ही पाय मोडले, पण शुद्धीवर होता. डोमोडोसोलाच्या हॉस्पिटलमधे नेलं. डॉक्टर सुरुवातीला आशेवर होते, इतक्या उंचीवरून पडून पाय मोडलेली माणसं वाचतात. पण १९१० साल होतं, आजच्यासारखी रक्त द्यायची सोय नाही, अँटिबायोटिक नाही. प्रकृती ढासळत गेली आणि २७ सप्टेंबरला तो गेला. वय वर्षं २३. शेवटच्या ग्लानीत तो "वर, आणखी वर" असं बोलत होता असं सांगितलं जातं, आणि पेरूच्या हवाई दलाने तेच आपलं ब्रीदवाक्य केलं.

आता परत तारांकडे.

पंख का मिटले यावर तेव्हाच वाद झाला. कोणी म्हणालं थंडीने हात गारठले होते, कंट्रोल जोरात ओढला. कोणी म्हणालं आधीच काहीतरी ढिलं झालं होतं. पण बघा, जानेवारी १९१० मधेच, चावेस उडायला शिकायच्या आधी, लिओं देलाग्रांज नावाचा मोठा वैमानिक बोर्दोजवळ गेला, ब्लेरिओ अकरामधेच, पंख तुटून. तेव्हा सगळे म्हणाले की त्याने जास्त ताकदीचं इंजिन लावलं म्हणून झालं. चावेसनंतर ब्लेरिओने पंखांचे आतले मुख्य लाकडी दांडे मजबूत केले. तरी अपघात थांबले नाहीत. १९१२ मधे फ्रेंच सैन्याने एकपंखी विमानं उडवणंच काही काळ बंद केलं, आणि मग ब्लेरिओने सगळे अपघात नीट तपासून सरकारला रिपोर्ट दिला. त्यात काय निघालं? दांडे कमकुवत नव्हते. सगळ्यांनी फक्त पंख वर उचलले जातात तेवढाच भार मोजला होता. पण पंखांवर वरून खाली पण जोर येतो, नाक झटकन खाली दाबलं की येतो, वरून झोत आदळला की येतो, आणि तेव्हा भार पडतो त्या वरच्या तारांवर, ज्या फक्त जमिनीवर पंख धरून ठेवायला आहेत असं मानून बारीक ठेवल्या होत्या.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कारण आता त्या चाळीस मिनिटांकडे बघा. खिंडीतला वारा, घळीतला रोटर, सिंकमधे, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेत, सापडून खाली आदळणं, परत वर फेकलं जाणं, मग मैदानाकडे येताना नाक खाली करून उतार, इंजिन तोडून, परत जोडून. प्रत्येक धक्क्याला त्या वरच्या तारा थोड्या थोड्या खेचल्या गेल्या असणार असं मला वाटतं. आल्प्सने त्याला आल्प्समधे मारलं नाही, पण तारा तिथेच थकल्या. मैदानावर जे झालं तो फक्त शेवटचा झटका. हे माझं मत आहे, पण रिपोर्टशी ते जुळतं.

म्हणून मला त्याला कोणी बेफिकीर म्हटलं की राग येतो. त्याने जे माहिती होतं ते सगळं तपासलं, हवा बघितली, एकदा माघार घेतली, मोटारीने जाऊन खात्री केली. जे त्याला मारून गेलं ते त्या वेळी जगात कोणालाच माहिती नव्हतं, ज्याने विमान बनवलं त्यालासुद्धा नाही. नंतर ते कळलं ते चावेस, देलाग्रांज आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांच्या मोडलेल्या विमानांवरून कळलं. आज आपण विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, घेताना लोड टेस्टचा कागद बघतो, सर्टिफिकेट बघतो, अमुक इतक्या पट भाराला तपासलंय म्हणतो, तो कागद असाच तयार झालाय, एकेका अपघातातून. तुमच्यातले जे इन्स्पेक्शन पुढे ढकलतात, एक सीझन निघेल म्हणतात, त्यांना मी कळकळीने सांगतो की लाइन, म्हणजे विंगची दोरी, दिसायला ठीक असते. चावेसच्या तारा पण दिसायला ठीकच होत्या.

पॅरिसमधे त्याला पुरलं. पेरूला तो जिवंतपणी कधी गेला नाही, पण पेरूने त्याला आपला मानलं, १९५७ मधे त्याच्या अस्थी तिकडे नेल्या, आणि लिमाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ त्याच्याच नावाचा आहे. डोमोडोसोलात आणि ब्रीगमधेही त्याची स्मारकं आहेत.

मागे एक प्रश्न आला होता की मग ती खिंड धडपणे कोणी ओलांडली. २५ जानेवारी १९१३, झ्याँ बिएलोवुसिच, आणि योगायोग बघा, तोही पेरूचाच. ब्रीग ते डोमोडोसोला, आनरियो कंपनीचं एकपंखी, ८० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे चढायला चावेसच्या दीडपटीहून जास्त ताकद. आणि महिना जानेवारी. थंड हवा, उतारांवर बर्फ, तापायला काही नाही, म्हणजे थर्मल जवळपास नाहीतच. तो नीट उतरला.

मी ब्लेरिओ अकराचं एक ड्रॉइंग प्रिंट करून आणलंय, वरच्या तारा लाल पेनने मार्क केल्यात आणि खालच्या निळ्याने. टेबलावर ठेवतो, चहा घेताना बघा, आणि रोटरबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी विचारा, ते नवीन आहेत आणि येत्या सीझनला त्यांना त्याचा उपयोग आहे.